पंचवीस थर

नकाशे खोटे काढता येतात, ताम्रपट बनावट निघतात, आणि साक्षीदारांचं तर विचारूच नका. म्हणून समुद्राच्या हद्दींवरून भांडणाऱ्या देशांनी अखेर एका साक्षीदारावर विश्वास ठेवायचं ठरवलं होतं. तो साक्षीदार म्हणजे चिखल.

या कराराला सगळं जग ‘गाळकरार’ म्हणे. त्याचा नियम सरळ होता. एखाद्या निर्जन खडकाभोवतीचा दोनशे सागरी मैलांचा समुद्र कुणाचा, तर ज्याची माणसं त्या खडकावर सलग पंचवीस वर्षं, बाराही महिने राहिली त्याचा. कधीकाळी राहिली असली तरी चालेल, पण राहिली हे गाळातून दिसलं पाहिजे. पंचवीसला एकही कमी चालत नसे.

सातवेळ हा सात बेटांचा देश. वस्ती चाळीस हजार. अडीचशे वर्षांपूर्वी कोकणातून गलबतं घेऊन आलेल्या खारव्यांचे हे वंशज. त्यांची भाषा अजून मालवणी होती आणि पोट अजून मासळीवर होतं. ती मासळी मिळे भुंड्याच्या भोवती. भुंड्या म्हणजे माडसुद्धा नसलेला एक बोडका खडक, मधोमध खाऱ्या पाण्याचं तळं. शेजारच्या बलाढ्य महासंघाने त्यावर हक्क सांगितला आणि सातवेळच्या होड्या अडवायला सुरुवात केली. बळी तो कान पिळी, हे काही नवं नव्हतं. नवं इतकंच की पिळणाऱ्याला आता न्यायपीठापुढे कारण द्यावं लागत होतं. खटला हरलं असतं तर दोन पावसाळ्यांत सातवेळ रिकामं झालं असतं.

खटला चालवत होती चंद्रकला कोयंडे, सातवेळची सरकारी वकील. गाळवाचन करत होते डॉ. भास्कर तारी. हा मनुष्य चिखलाबद्दल लोक मुलांबद्दल बोलतात तितक्या कौतुकाने बोले.

‘‘माणूस सांडतो, बाई,’’ पहिल्याच भेटीत त्यांनी तिला समजावलं. ‘‘कातडीचा भुसा, केस, थुंकी, रोज काही ना काही. पावसाने ते वाहून तळ्यात जातं आणि तळाशी बसतं. दर वर्षी पावसाळ्यात एक काळपट थर, उन्हाळ्यात एक पांढरा. झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजावीत तसे हे थर मोजायचे. थरात सापडलेल्या कणांतली जनुकं वाचली की कोण, कुठल्या घराण्यातलं, किती महिने होतं, सगळं कळतं.’’

चंद्रकलेला वाटलं, मग झालंच. तिचे वडील, आजोबा, पणजोबा दर हंगामाला चार महिने भुंड्यावर मासळी सुकवायला जात. पण तारींनी वाचलेला गाळ जवळजवळ कोरा निघाला.

कारण होतं झाडणी. भुंड्या तिथल्या राखणदार देवाचा, आपण तिथले पाहुणे, आणि पाहुण्याने मागे उष्टं ठेवू नये, अशी सातवेळकरांची श्रद्धा. मुक्काम हलवताना चुलीची राख, माशांचे काटे, केस, नखं, सगळं टोपल्यांत भरून ते खोल समुद्रात सोडत आणि खडक झाडून धुऊन घेत. तळ्यात तर पायही बुडवत नसत. अडीचशे वर्षं त्यांनी स्वतःचा पुरावा स्वतःच्या हाताने पुसला होता. असलं सोवळं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

मग एका सकाळी तारी धावतच तिच्या कचेरीत आले. तळ्यात आणखी खोल वाचल्यावर त्यांना दाट थरांचा एक पट्टा सापडला होता. साठेक वर्षांपूर्वीचा, बारमाही वस्तीचा. एकूण अकरा माणसं, सगळी सातवेळच्या घराण्यांतली. बावीस वर्षं ती तिथं होती. त्यानंतर मोठी माणसं एकाएकी संपली आणि पुढचे तीन थर फक्त दोघींचे होते.

‘‘दोन मुली. तिथंच जन्मलेल्या,’’ तारी म्हणाले. ‘‘शेवटी एक नऊची, एक बाराची असेल. बावीस आणि तीन, पंचवीस. आपण जिंकलो, बाई.’’ मग ते जरा घुटमळले. सातवेळच्या प्रत्येकाने तुलनेसाठी आपली थुंकी दिली होती, चंद्रकलेनेही. ‘‘त्या मुली तुमच्या चुलत किंवा आतेबहिणी लागतात. तुम्हाला काहीच ठाऊक नाही?’’

तिला एकच आत्या होती, असं घरी सांगत. शेवंता. लग्नाआधी समुद्रात बुडाली.

ती तशीच घरी गेली. तिचे ऐंशी वर्षांचे वडील, होडीचे तांडेल बाबल, ओट्यावर जाळं सांधत बसले होते. तिने भुंड्यावरच्या दोन मुलींबद्दल विचारलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली. कुणी तरी एक दिवस विचारणार हे त्यांना साठ वर्षं ठाऊक असावं.

‘‘तांबी झाली की तेंका थंय नेऊन सोडीत,’’ ते म्हणाले. तांबी म्हणजे अंगावर लाल चट्टे उठवणारा साथीचा ताप. ‘‘वह्येत लिवीत, दर्यात बुडाले. वर्साक एकदा तांदूळ घेऊन होडी जाय. आमी खडकार उतरत नाय होतो. शेवंता लांबसून पोरींका उचलून दाखवी.’’

त्या वर्षांत मासळी सुकवायला कुणीच भुंड्यावर गेलं नाही. राखणदार कोपलाय, असं लोकांना सांगितलं गेलं. मग तांबीवर औषध आलं. जायला हवं होतं. होडी बाबलांची होती, वय तेवीस. पण गावाची बैठक बसली. मेलेली म्हणून लिहिलेली माणसं जिवंत परत आणली तर जगाला सांगणार काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. होडी गेली नाही, तांदूळही गेले नाहीत.

‘‘मगे चार वर्सांनी गेलंय,’’ बाबल म्हणाले. ‘‘पयलो मीच उतारलंय. जा गावला ता सगळा टोपलेत भरला आनी खोल दर्यात सोडला. झाडणी केली, गो.’’

चंद्रकलेला त्यांचा राग आला, किळस आली, आणि त्याच वेळी त्यांचा हात धरावासाही वाटला. तिने धरला नाही.

सरकारचं म्हणणं पडलं की ती माणसं स्वेच्छेने गेलेले वसाहतकार होते असं सांगावं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, जखम दाखवायची कशाला? पण महासंघाच्या वकिलाने बुडालेल्यांची नोंदवहीच पीठापुढे ठेवली आणि विचारलं, मेलेली माणसं वस्ती कशी करतात? चंद्रकलेने बाबलांना साक्षीला उभं केलं. त्यांनी ओट्यावर सांगितलं तेच सगळं सांगितलं. पीठावरच्या एका न्यायाधीश बाई चष्मा काढून कितीतरी वेळ डोळे पुसत होत्या.

महासंघाने मग शेवटचा डाव टाकला. पंचविसावं वर्ष पावसाळ्याअखेर पुरं होणार होतं, त्या मुली त्याआधी ऐन पावसाळ्यातच गेल्या असतील, म्हणजे वर्ष पुरं झालं नाही. दोन महिन्यांचा प्रश्न होता. चंद्रकलेने तारींकडून शेवटचा थर केसाएवढ्या पापुद्र्यांत पुन्हा वाचून घेतला. धाकटीचे कण पावसाळा संपल्यानंतरच्या पांढऱ्या थरातही होते. ती एकटी, पण होती.

निकालात पीठाने म्हटलं, ही माणसं तिथं का राहिली याबद्दल आम्हाला तीव्र दुःख आहे, पण करार फक्त राहिली का एवढंच विचारतो. समुद्र सातवेळचा.

बंदरावर सगळा देश लोटला होता. बायका बाबलांना ओवाळत होत्या. गर्दीतून त्यांच्याच वयाचे एक तांडेल पुढे आले, त्यांनी बाबलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, ‘‘बरा झाला रे बाबल, तेव्हा तू गेलंस नाय ता.’’

कुणी दचकलं नाही. दोनतीन माणसांनी तर मानही हलवली. राखणदारालाच काळजी, असंही कुणी तरी म्हणालं.

बाबल लेकीकडे वळले. ‘‘खरा काय ता? मी गेलंय असतंय तर?’’

चंद्रकलेला खोटं बोलता आलं असतं. ‘‘हरलो असतो, बाबा,’’ ती म्हणाली.

तिने त्यांच्यावरून नजर काढून घेतली. पांढऱ्या थरात धाकटीचे कण सापडल्याचा निरोप तारींनी दिला तेव्हा ती टाळी वाजवून हसली होती, आणि हे ती त्यांना कधीच सांगणार नव्हती.