पाटीवरचं एक बोट

हवेतला कार्बन वाढला तशी ज्वारीची कणसं टपोरी झाली, आणि ती खाणारी पोरं मात्र खुरटली. दाणा दिसायला मोत्यासारखा, आत नुसतं पीठ; हाडं वाढवणारं जस्त त्यात औषधालाही उरलं नव्हतं. त्यावर शास्त्रज्ञांनी पोषाणू काढले. पोषाणू म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू. सहा महिन्यांच्या बाळाच्या पोटात एकदा सोडले की ते आतड्यात घर करत आणि अन्नातला जस्ताचा कण न् कण वेचून शरीराच्या हवाली करत. किती सोडायचे ते बाळाच्या लांबीवर ठरे. बाळ आखूड, तर मात्रा मोठी. मोठी मात्रा चांगल्या लांब बाळाला दिली तर यकृत बिघडायचं, म्हणून मोजणीला फार महत्त्व.

माणदेशातल्या वाघजाईवाडीत ही मोजणी अंगणवाडीसेविका शेवंताबाई करत. बाळाला सरकत्या फळीच्या पाटीवर निजवायचं; पाटीला जोडलेलं यंत्र लांबी नोंदवी आणि मात्रा ठरवी. कामाला चोख बाई, तालुक्यात नाव होतं. त्यामुळे डॉक्टर वैजयंती सबनीस पुण्याहून आल्या तेव्हा सत्कारच आहे असं वाटून त्यांनी आधी चहा टाकला.

"शेवंताबाई, तुमच्या वाडीतली एकतीस मुलं दुसऱ्या वर्षानंतर वाढलेलीच नाहीत. पोटातले पोषाणू जिवंत आहेत, पण फार थोडे. यंत्र म्हणतं, सहाव्या महिन्यात ही सगळी बाळं चांगली लांब होती."

"यंतर खोटं कशाला सांगंल, म्याडम?"

"मला एकदा मोजून दाखवा बरं."

शेवंताबाईंनी शेजारचं बाळ पाटीवर निजवलं, डाव्या हाताने गुडघे दाबले आणि उजव्या हाताने पायाकडची फळी सरकवली. टाच आणि फळी यांच्यामध्ये त्यांचं बोट होतं. सबनीसबाईंनी ते बोट धरलं.

"हे इथे कशाला?"

"आया तोंड पाडत्यात ओ. पोर खुजं निघालं की सासू बोलती, नवरा बोलतो. एका बोटानं कुनाचं काय जातंय?"

सबनीसबाईंनी काय गेलं ते सावकाश समजावलं: बोटाने बाळ लांब भरलं, म्हणून मात्रा लहान गेली. शेवंताबाईंचा चेहरा उतरत गेला.

"मग आता द्या की वाढवून!"

"देता येत नाही. पहिल्या वर्षानंतर शरीर आपले कोण, परके कोण हे ठरवून मोकळं होतं. मग आलेल्या पोषाणूंना ते शत्रू समजून मारतं."

"म्हंजी आमची रेवा..."

रेवा त्यांची नात. चार वर्षांची. बाहेर अंगणात मातीच्या भाकऱ्या थापत बसली होती. पाठमोरी दोन वर्षांची वाटे.

"ती एवढीच राहील," सबनीसबाई म्हणाल्या.

शेवंताबाईंना रडूही येईना. माया केली होती त्यांनी, आणि त्या मायेनेच एकतीस पोरांचा गळा कापला होता.

दुसऱ्या दिवसापासून बोट निघालं. महिन्याभरात सात बाळं मोजली, सातही आखूड भरली. वाडीत बोलणं सुरू झालं, की शेवंताचा हात वाईट. तिनं मोजलं की पोर खुरटतं. बाया डोंगरापलीकडच्या शिरवड्याला जाऊ लागल्या. सबनीसबाईंनी परिपत्रक धाडलं होतं. शिरवड्याच्या सेविकेने ते वाचलं, मान डोलावली आणि आपलं बोट होतं तिथंच ठेवलं. तोंड पाडणाऱ्या आया तिच्याही दारात होत्याच. शेवंताबाई घरोघर पाया पडत हिंडल्या, पण ऐकतो कोण!

एका सकाळी त्यांची सून लता सहा महिन्यांच्या धाकट्याला दुपट्यात गुंडाळून निघाली.

"कुठं चाललीस?"

"शिरवड्याला. तिथं लांबी चांगली भरतीया म्हनं."

शेवंताबाई दारात आडव्या झाल्या. पोषाणू, मात्रा, यकृत, समजलं होतं तेवढं सगळं त्यांनी धापा टाकत सांगितलं. लताने शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या, रेवाला तुमीच मोजलं हुतं न्हवं?"

शेवंताबाई दारातून बाजूला झाल्या.