चावणारं दार

“आधी दोर आवळ, मग फुशारक्या मार!” ताई लंबूला म्हणाली.

तळ्याच्या काठावर दोघं प्लॅस्टिकची रिकामी पिंपं एकमेकांना बांधत होती. सुट्टी संपायच्या आत तराफा पाण्यात उतरवायचाच, असा त्यांचा पण होता. लंबू हा ताईचा मामेभाऊ. मामाचा इथे कॅरव्हॅनचा तळ होता. लोक आपलं चाकांवरचं घर घेऊन यायचे, आखून दिलेल्या जागेवर उभं करायचे आणि शेजारच्या खांबावरच्या पेटीतून जाड केबलने वीज घ्यायचे.

तेवढ्यात ताईचा धाकटा भाऊ पिल्लू भोकाड पसरत आला. नुकताच पाण्यातून निघालेला, नखशिखान्त ओला आणि अनवाणी.

“ताई, मला दार चावलं!”

“दार चावलं? दात किती होते रे त्याला?” लंबू खो खो हसला.

“चावलं म्हणतोय ना! गोष्टीवाल्या आजीच्या गाडीचं!”

ताई मात्र हसली नाही. एरवी नुसतं खरचटलं तरी सगळ्यांना जखम दाखवत फिरणारा हा पोरगा आज हात पोटाशी घट्ट धरून उभा होता, सोडायलाच तयार नव्हता.

“चल लंबू,” ती म्हणाली. “बघून येऊ. आणि ऐक, हात खिशात ठेवायचे.”

गोष्टीवाल्या आजींची पांढरी कॅरव्हॅन अगदी शेवटच्या खांबापाशी होती. आजी दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या. आजोबा आत खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते.

“आजी, तुम्हाला कधी हे दार चावलंय का हो?” ताईने विचारलं.

“चावायला काय झालं! पण सकाळी भांडी विसळून दार ओढायला गेले की हाताला मुंग्या येतात खऱ्या. वय झालं माझं, दुसरं काय?”

“मला नाही येत मुंग्या!” आजोबा आतून म्हणाले. “मी तर दिवसभर या गाडीतच असतो. आमच्या मंडळींना काम टाळायला निमित्त हवं असतं.”

“हो, आणि तुम्हाला पेपर वाचायला!” आजी फणकारल्या.

ताईच्या डोक्यात चक्र फिरू लागलं. आत बसणाऱ्याला काही होत नाही. बाहेर उभं राहून हात लावणाऱ्याला होतं. आजी सकाळी भांडी विसळून येतात तेव्हा गवतावर दव असतं. पिल्लू तर तळ्यातूनच आला होता.

“लंबू, तारेवर बसलेल्या पाखराला शॉक का लागत नाही?”

“त्याचा पाय जमिनीला लागत नाही म्हणून. शाळेत शिकलोय आपण.”

“मग ही गाडी कशावर उभी आहे?”

“चाकांवर. रबरी... अगं बाई!” लंबूचे डोळे विस्फारले. “आजोबा म्हणजे तारेवरचं पाखरू!”

“आणि पिल्लू जमिनीवर उभा होता. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली आहे, लंबू. पण अशी वीज उतरली तर ती जमिनीत वाहून न्यायला हिरवी तार असते ना? आणि वीज गळायला लागली की पेटीतला स्विच आपोआप पडतो. इथे दोघंही गप्प कसे?”

लंबूचा चेहरा एकदम उतरला. तो खांबावरच्या पेटीकडे बघत राहिला. पेटीचं झाकण सुतळीने बांधलेलं होतं.

“ही गाडी आली तेव्हा स्विच सारखा पडत होता,” तो हळूच म्हणाला. “आजोबा चिडले. मग बाबांनी हिरवी तार सोडवली. तरी दव पडलं की पडायचाच. शेवटी बाबा म्हणाले, हा स्विचच नाठाळ आहे, आणि त्याला वळसा घालून थेट तार जोडली. मी... मी स्क्रू धरून शेजारीच उभा होतो.”

चोर शिरला म्हणून कुत्रं भुंकत होतं आणि मामाने कुत्र्याचंच तोंड बांधलं होतं! ताईला ते बोलून दाखवायचा धीर झाला नाही. तिचं लक्ष तळ्याकडे गेलं. तळावरची सगळी पोरं पाण्यात डुंबत होती. पोहणं झालं की ओल्या अंगाने गोष्ट ऐकायला ती थेट इथेच धावायची, आणि दार आधी कोण उघडतो याची शर्यत लागायची.

दोघं फाटकाकडे पळाली. तिथे मामा नव्या गाडीला हातवारे करून आत घेत होता.

“मामा, शेवटच्या गाडीच्या पत्र्यात वीज उतरली आहे! मेन स्विच बंद कर!”

“काय? आणि सगळा तळ बंद पाडू? आज एवढी गर्दी आहे! उद्या बघतो. जा, तराफा बांधा.”

मेन स्विचच्या खोलीची किल्ली मामाच्या कमरेला लटकत होती.

ताई ऑफिसात गेली. भिंतीवर वायरमनबाईंचा नंबर रंगवलेला होता. तिने फोन लावून सगळं सांगितलं. पलीकडून ठाम आवाज आला, “मी निघालेच. तोवर त्या गाडीला आणि पेटीला कुणाचाही हात लागू देऊ नका. तुमचाही नाही!”

“पाटी लावू,” लंबू म्हणाला. “‘शॉक बसतो’ अशी.”

“मग निम्मे लोक खरंच बसतो का ते बघायला हात लावतील! मागच्या आठवड्यात बाकं रंगवली, तेव्हाची पाटी कुठे आहे?”

थोड्याच वेळात आजींच्या कॅरव्हॅनभोवती, चार हात अंतर सोडून, तराफ्याचा दोर ताणला गेला. त्यावर पाटी लटकली : ‘रंग ओला आहे’. आजींना ताईने खरं ते सांगितलं. त्या पिल्लूला जवळ घेऊन झाडाखाली जाऊन बसल्या. आजोबांना ती म्हणाली, “तुम्ही बाहेर यायचं नाही, जमिनीला पाय लावायचा नाही. आतच बसून राहायचं.” ताईचा चेहरा पाहून आजोबांनी पेपर मिटला आणि वाद घातला नाही.

पोरं ओरडत आली, पाटी वाचून थबकली. “कपडे खराब होतील रे!” कुणीतरी म्हणालं आणि सगळी आजींभोवती झाडाखाली बसली. ताईने सुटकेचा श्वास टाकला.

पण बातमी फाटकापर्यंत पोहोचली होती. मामा तणतणत आला. दुसऱ्या गाडीच्या नळापाशी काम करताना त्याने चपला काढून ठेवल्या होत्या. पाय चिखलाने भरले होते.

“पाहुण्यांच्या गाडीला रंग? कुणी दिला? कुठे आहे ओला रंग?” दोर ओलांडून त्याने पत्र्याकडे हात नेला. “हे बघा, कोरडा ठणठणीत...”

“बाबा, नको!”

लंबू असा किंचाळला की मामाचा हात वीतभर अंतरावर थिजला.

“बाबा, तुम्ही स्विचला वळसा घातलाय. हिरवी तारही सोडलीय. पिल्लूला शॉक बसलाय. तुमचे पाय ओले आहेत, बाबा!”

मामाने स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मग पिल्लूकडे. हात मागे घेऊन तो मेन स्विचच्या खोलीकडे धावला.

वायरमनबाई आल्या. सगळ्यांना लांब उभं करून, रबरी हातमोजे घालून त्यांनी वीज क्षणभर सुरू करायला लावली आणि मीटरचं एक टोक जमिनीत खोचलेल्या सळईला, दुसरं दाराला लावलं. आकडा वाचून त्यांनी लगेच हात वर केला. “बंद करा!”

“किती?” मामाने विचारलं.

“घरच्या सॉकेटमध्ये असते, जवळजवळ तेवढी. गाडीतल्या पाणी तापवायच्या हीटरची कॉइल फुटली आहे. स्विच नाठाळ नव्हता, साहेब. तो तुम्हाला हेच सांगत होता.”

आजोबा हळूच उतरून आले आणि आजींचा हात हातात घेऊन उभे राहिले.

“पण आम्ही खोटी पाटी लावली,” ताई खालमानेने म्हणाली.

“लावलीत,” वायरमनबाई म्हणाल्या. “आणि स्वतः पेटी न उघडता मला बोलावलंत. मोठ्यांनासुद्धा एवढं भान राहत नाही, बाळा.”

संध्याकाळभर तळावर दिवे नव्हते. वायरमनबाईंनी एकेक खांब तपासला आणि मामा प्रत्येक गाडीपाशी जाऊन वीज का नाही ते सांगत राहिला. चूक आपली आहे, हेही त्याने कुठे लपवलं नाही. शेवटच्या गाडीपासून तो परतला, तेव्हा लंबू एकटाच बाकावर बसला होता.

“चारचौघांत बोललो मी. रागावलात, बाबा?”

मामा त्याच्या शेजारी बसला.

“तू त्या दिवशी स्क्रू धरून उभा होतास,” तो म्हणाला. “तेव्हा तुला काही विचारायचं होतं का रे?”

“हो. पण तुम्ही घाईत होता.”

“पुन्हा घाईत दिसलो,” मामा त्याच्या पाठीवर हात ठेवत म्हणाला, “तर आजच्यासारखाच ओरड.”