प्रयागबाईचा खड्डामाग

दिवे गेले तशी बाजारातल्या नव्या बाकावरची पोरं एकमेकांना खेटून बसली. वामनराव आबाजी म्हणाले, "भ्याले? मंग आता ऐकाच. आपल्या दुर्गेशची गोष्ट आहे. खोटी वाटली तर त्याच्या बायकोले, मिनलले विचारा." आणि त्यांनी सांगायला घेतलं.

गेल्या साली पोळ्याची अमावास्या शुक्रवारी आली होती. सरकारी निधीतून बाजाराचं सुशोभीकरण चाललं होतं. कारंजं बसलं, ते आजतागायत उडालेलं नाही, तो भाग वेगळा. शनिवारी सकाळी मंत्री उद्घाटनाला यायचे होते. विणकराघरच्या दुर्गेशचं हे ठेकेदारीतलं पहिलंच काम, तेही स्वतःच्या गावात. सारा रस्ता झाला, फक्त प्रयागबाईची खोली आडवी होती. एकटी म्हातारी, जमिनीत खड्डा आणि त्यावर तिचा माग. खड्ड्यात पाय सोडून दोन पावड्या हाणायच्या; एक दाबली की दुसरी वर येते. लहानपणी दुर्गेशलाही तिनंच मांडीवर घेऊन विणायला शिकवलं होतं.

दुपारी तो तिला लकडगंजला लेकीकडे पाठवायला ऑटो घेऊन गेला. म्हातारी बसेना.

"दोन हात लुगडं राह्यलं गा. अर्ध्या ताण्यावर खड्डा बुजवत नाहीत. विणणाऱ्याचे पाय आत राहतात."

"माय, मी विणतो ना राहिलेलं! पोळ्याच्या दिवशी खोटं बोलू काहून?"

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि ऑटोत बसली. पठ्ठ्यानं वळून मागाकडे पाहिलंही नाही.

रात्री अकराला जेसीबी आला. तो चालवणाऱ्या गोलूनं खोलीसमोर इंजिन बंद केलं.

"भाऊ... आतून आवाज येऊन राहिला."

खट्. खट्.

दुर्गेश टॉर्च घेऊन दारात गेला. म्हातारी मागावर बसली होती. पाठमोरी. पाय खड्ड्यात.

"माय... तू वापस काहून आली?"

खट्. खट्.

आता ही बोंब मारेल, लोक जमतील, सकाळी मंत्र्यांपुढे तमाशा होईल. माणूस भ्याला की पळतो. दुर्गेश पळाला नाही. विचार करत उभा राहिला. मग बाहेर आला.

"कोणी नाही. पाड."

"पण भाऊ..."

"पाड म्हटलं ना!"

भिंत पडली. छप्पर पडलं. आवाज थांबला नाही. मुरूम ओतला. खट्. रोलर फिरवला. खट्. ब्लॉक बसवले.

मग... काहीच नाही.

पहाटे लेकीचा, चारुशीलाचा फोन आला. "दादा, आई गेली. काल सांजच्यालेच, ऑटोतच. ऑटोवाला म्हणे, सारा रस्ता तुमचंच नाव घेत होती. दुर्गेश विणते म्हणे."

काल सांजच्यालाच. म्हणजे रात्री त्यानं कोणालाच मारलं नव्हतं! दुर्गेश हसला. असा हसला, की मिनलच्या हातातून चहा सांडला.

मंत्री आले, नारळ फुटला, भाषणं झाली. शाल घ्यायला दुर्गेशचं नाव पुकारलं. तो खुर्चीतून उठला नाही. पुन्हा पुकारलं. तो खाली आपल्या पायांकडे बघत होता...

नागपूरच्या डॉक्टरांना नसांमध्ये काही सापडलं नाही. तो अजून खाटेवर आहे. दिवसभर पाय लाकूड. पण झोपला की हलतात. डावा... उजवा... मिनल दोन्ही हातांनी धरून बसते. थांबत नाहीत.

बाकाच्या टोकाला बसलेल्या चंदननं हळूच विचारलं, "आबाजी, तो खड्डा नेमका कुठं होता?"

आबाजी चांदण्यात त्याच्या पायांकडे पाहत होते.

"हलू नको गा," ते म्हणाले. "तुझ्या डाव्या पायाखालचा ब्लॉक खाली गेला... अन् उजव्या पायाखालचा वर येऊन राहिला."