सातवा रकाना

"परत? पुन्हा परत पाठवलं?"

औषधांच्या दुकानातल्या पोस्टाच्या काउंटरवर इझाबेलानं लिफाफा इतक्या जोरात आपटला, की पलीकडची मुलगी दचकून मागे सरकली. बाहेर कॅनडातल्या मिल्टनमध्ये फेब्रुवारीचा गोठणारा पाऊस पडत होता, काचेवर बारीक टकटक चालू होती. इझाबेलाला मात्र थंडी वाजत नव्हती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"मेल्यांनो, एका कागदासाठी किती खेटे घालायला लावाल!" ती मराठीत पुटपुटली. "आणि हा पत्राखाली सही ठोकणारा के. डी.! सापडू दे एकदा हातात..."

"सापडला तर काय कराल?"

आवाज मागून आला. चक्क मराठीत. ती गर्रकन वळली. रांगेत एक उंच माणूस उभा होता – चष्म्यावर वाफ, हातात भिजलेली लोकरी टोपी.

"काय करणार! नर्स आहे मी. नाडी बघीन त्याची. माणूस आहे की रबरी शिक्का, तेवढं तरी कळेल."

तो हसला नाही. टोपी पिळत राहिला, मग त्यानं हळूच मनगट पुढे केलं.

"बघा मग. कास्मिर डाबरे. ते... के. डी. म्हणजे मीच."

त्यानंतरची वीस मिनिटं, समोरच्या कॉफीच्या दुकानात, ती एकटीच बोलत होती आणि तो कप धरून ऐकत होता.

आणि बोलणार नाही तर काय! आठ वर्षं ती ऑन्टारिओच्या वॉर्डात राबली. दीड वर्षापूर्वी एका पेशंटला उचलताना कमरेतली चकती सरकली आणि डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे उचलाउचली बंद. वॉर्ड सुटला. मग फोनवरून सल्ला देणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं. घरी बसून, कानाला हेडसेट लावून का होईना, ती नर्स राहिली होती. पण फोन येतात साऱ्या देशातून, आणि लायसन्स मात्र प्रत्येक प्रांताचं वेगळं. पेशंट ज्या प्रांतात, त्या प्रांताचं लायसन्स नर्सकडे हवं. कंपनीनं बजावलं होतं – तीस एप्रिलपर्यंत मॅनिटोबाचं लायसन्स आणा, नाहीतर करार संपला.

"परवा मॅनिटोबातून एका आजीचा फोन आला," तिनं कास्मिरला सांगितलं. "नातवाला एकोणचाळीस सेल्सियस ताप, औषध किती देऊ विचारत होती. मला झोपेत विचारलं तरी सांगीन! पण स्क्रीनवर लाल पट्टी – लायसन्स नाही, कॉल पुढे द्या. चाळीस मिनिटं होल्डवर राहिली ती बाई! मॅनिटोबातला ताप काय वेगळा असतो का हो, के. डी.?"

"नसतो," तो म्हणाला.

"मग माझा वर्तणुकीचा दाखला परत का पाठवलात?"

"तो तुम्ही स्वतः पाठवलात म्हणून. ऑन्टारिओच्या ऑफिसनं तो थेट आमच्याकडे पाठवायचा असतो. अर्जदाराचा हात लागला की तो..." तो अडखळला.

"बाटला?"

आता मात्र तो हसला, आणि त्या हसण्यानं चष्म्यावरची उरलीसुरली वाफही उडाली. त्याचे डोळे मवाळ होते. इझाबेलाला त्याचाही राग आला. असल्या माणसाला असले डोळे कशाला हवेत?

कास्मिर जवळच्याच ग्वेल्फला 'मेपलसील' नावाच्या कंपनीत होता. नर्सेसची कागदपत्रं तपासून प्रांतांकडे पाठवायची, हा तिथला धंदा. मूळचा वसईतल्या गासचा. तीही वसईचीच, सांडोरची.

"कास्मिर!" ती म्हणाली. "हे नाव तर आमच्या पणजोबांच्या पिढीचं."

"आजोबांचं ठेवलंय. बाप्तिस्म्याच्या वेळी मला कुणी विचारलं नाही."

"फॉर्म भरून घ्यायचा होता."

निघताना तो म्हणाला, "एक सांगतो. तुमच्या फाइलबद्दल ऑफिसबाहेर एक शब्दही बोलता येणार नाही मला."

"मग कशाबद्दल बोलणार?"

"दुसरं काहीही... म्हणजे, पुन्हा भेटलो तर."

भेटले. आधी मराठी मिस्साच्या रविवारी, चर्चच्या हॉलमध्ये, चहाच्या रांगेत. मग शनिवारी. मग रांग नसताना, चर्च नसताना, कारण नसतानाही. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. तिनं त्याला आईनं वसईहून पाठवलेल्या बाटली मसाल्यातला अर्धा दिला. झाकण उघडून तो डोळे मिटून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. एकदा लांबच्या ड्राइव्हला ती सीटवर सारखी कूस बदलत होती. पुढच्या शनिवारी त्याच्या गाडीत तिच्या सीटवर कमरेच्या उंचीला टॉवेलची नीट गुंडाळी ठेवलेली होती. इझाबेला टेकून बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

"आज काय कमी बोलतेयस?"

"फाइलबद्दल बोलता येत नाही ना."

"दुसरं काहीच नाही बोलायला?"

"आहे... पण तू आधी बोल."

त्यानं गिअर बदलला. मार्च गेला, एप्रिल आला. दाखला एकदाचा योग्य दारानं पोचला होता. आता एका सहीचा प्रश्न, असं 'मेपलसील'च्या पोर्टलवर दिसत होतं. इझाबेला रोज सकाळी दात घासायच्या आधी पोर्टल उघडायची.

बावीस एप्रिलला उत्तर आलं.

'आपली फाइल तपासणाऱ्या अधिकाऱ्याने अर्जदाराविषयी वैयक्तिक भावना असल्याचे लेखी कळवले आहे. सबब फाइल थांबवण्यात येत आहे. सोबतचा फॉर्म भरून द्यावा. असे नाते नसल्याचे आपण कळवल्यास फाइल त्याच अधिकाऱ्याकडे त्याच दिवशी परत जाईल. असल्याचे कळवल्यास नवीन अधिकारी दहा कामाच्या दिवसांत पुन्हा तपासणी करेल.'

तिनं ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा हात थंड पडले. दुसऱ्यांदा गाल तापले. तिसऱ्यांदा तिनं बोटांवर दिवस मोजले – दहा दिवस म्हणजे तीस एप्रिल केव्हाच उलटलेला! – आणि गाडीची किल्ली उचलली.

ग्वेल्फला 'मेपलसील'च्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत पावणेचार होत आले होते. पाऊस रिमझिमत होता. तिचा फोन ऐकून कास्मिर जॅकेट न घालताच धावत बाहेर आला.

"जगात कुठला माणूस," ती गाडीतून उतरता उतरता ओरडली, "प्रेमाची कबुली आधी कंपनीला देतो रे?"

"इझा, ऐक..."

"लेखी! तारीख घालून! आणि मला? मला साधा एक मेसेज नाही! आठ दिवस थांबला असतास तर काय बिघडलं असतं? सही करायची, आणि मग काय ते प्रेमात पडायचं!"

"पडून झालं होतं." तो पावसात तसाच उभा होता. "काल तुझी फाइल सहीसाठी समोर आली. पेन उचललं, तर हात चालेना. माझी सही त्या कागदावर गेली असती आणि उद्या कुणाला कळलं असतं, तर डाग तुझ्या लायसन्सवर. एका प्रांताच्या नाही, सगळ्यांच्या. मला ते... नाही जमलं."

इझाबेलाचा राग होताच, पण त्याला धरायला जागा सापडेना. हा माणूस बरोबर होता, आणि त्यामुळेच ती अधिकच चिडली.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू घाईनं 'नाही' म्हटलं असतंस, नोकरीसाठी. किंवा माझी कीव येऊन 'हो'. मी फक्त माझ्या बाजूचं लिहिलंय. तुझ्या बाजूचं मला माहीत नाही." त्यानं चष्मा पुसला. तो लगेच पुन्हा भिजला. "तुझ्या मनात काही नसेल, तर 'नाही'वर खूण कर. उद्या सही होईल. नोकरी राहील. मी काही म्हणणार नाही."

नोकरी! कमर गेल्यावर उरलेली एवढीच तर नर्सगिरी होती तिची. एक खूण करायची, 'नाही', आणि तीस तारखेच्या आत मॅनिटोबा हातात. कुणाला कळणार होतं?

"या देशात," ती हळू आवाजात म्हणाली, "प्रांताची एक रेघ ओलांडली की मी नर्स राहत नाही. दर रेघेला नव्यानं लिहून द्यायचं – मी प्रामाणिक आहे, माझं वर्तन चांगलं आहे. किती वेळा सही केलीय त्याखाली! आणि तुम्ही लोक आता माझ्याकडून खोटं लिहून घेणार?"

तिनं घरून छापून आणलेला फॉर्म गाडीच्या टपावर ठेवला आणि पाऊस लागू नये म्हणून वर वाकून लिहू लागली. पाचवा रकाना, सहावा... मग ताठ चालत आत गेली. कास्मिर बाहेरच राहिला. त्याला आता तिच्या फाइलजवळ फिरकायलाही मनाई होती.

काउंटरवर क्रिस्टा नावाची पोक्त बाई होती. तिनं फॉर्म चष्म्याखालून वाचला. सहाव्या रकान्यात, 'नाते आहे काय?' यापुढे, 'हो' वर इतकी दाबून खूण होती की कागद फाटायचा राहिला होता. सातव्यात, 'नात्याचे स्वरूप' यापुढे इझाबेलानं लिहिलं होतं – 'त्याने अजून विचारलेले नाही.'

क्रिस्टानं काचेतून बाहेर पाहिलं. निथळत उभ्या असलेल्या आपल्या सहकाऱ्याकडे, मग घड्याळाकडे. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"हे चालणार नाही," ती इंग्रजीत म्हणाली. "सातवा रकाना अपूर्ण आहे. अपूर्ण फॉर्म आम्ही घेत नाही."

"काय?"

"काउंटर चारला बंद होतो. तुमच्याकडे सहा मिनिटं आहेत."

इझाबेलानं तोंड उघडलं – अख्ख्या देशातल्या फॉर्मांना आणि रकान्यांना ऐकवायचं बरंच काही जिभेवर होतं – आणि मिटलं. मग फॉर्म घेऊन ती पावसात धावली.

"के. डी.!" ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली. कमर ठणकत होती. "फाइल अपूर्ण आहे म्हणतात. तुझ्यामुळे!"

"माझ्यामुळे? काय राहिलं?"

तिनं कागद त्याच्या नाकासमोर धरला, पण त्याला हात लावू दिला नाही. "नुसतं वाच. हात लावलास तर बाटेल."

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. ओल्या केसांतून पाणी चष्म्यावर ओघळत होतं. ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

"तुझं लायसन्स उशिरा येईल, इझा. नोकरी जाईल कदाचित."

"ठाऊक आहे. त्याबद्दल मी जन्मभर कटकट करणार आहे. तुझ्याच डोक्याशी." तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज चढला होता. "विचार ना लवकर! चार मिनिटं राहिली."

त्यानं विचारलं. पार्किंगमध्ये, पावसात, अडखळत... आणि लेखी काहीही न देता.

क्रिस्टानं त्या दिवशी काउंटर चार वाजून तीन मिनिटांनी बंद केला. फॉर्मवर तिनं शिक्का मारला, तेव्हा सातव्या रकान्यातली शाई अजून ओली होती – 'होणारा नवरा.'