चष्मेवाल्यांच्या गाडीचं गिऱ्हाईक

या, अशा जवळ बसा. आणि तू, तो मोबाईल ठेव बाजूला. उद्या जुनी गाडी बघायला जाणार आहेस ना? मग हे ऐकून जा. मागाहून म्हणू नकोस, काकांनी सांगितलं नाही म्हणून.

हे आमच्या चष्मेवाल्यांच्या बाबतीत घडलेलं. सकाळी फिरायला आम्ही बरोबर असायचो. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं चष्म्यांचं दुकान, मागच्या गल्लीत घर. माणूस इतका जपून वागणारा की पावसाचं चिन्ह नसतानाही छत्री बरोबर घेणार. पण या माणसाने आयुष्यात एकच चैन केली होती. दोन सीटांची, बुटकी, गडद हिरवी स्पोर्ट्स कार. कापडी छताची. चष्मे पुसायच्या मऊ फडक्याने ते तिची काच पुसायचे. बायको म्हणायची, "माझ्याकडे एवढं निरखून बघितलं असतंत तर मीही अजून चकाकले असते."

सतरा वर्षं झाली होती गाडी घेऊन. जुनीच घेतली होती, मिस्त्रींकडून. मिस्त्री म्हणजे त्यांचा गॅरेजवाला, आणि पुढे मित्र. "पहिले मालक परदेशी गेले, घाईत विकून टाकली," असं मिस्त्रींनी तेव्हा सांगितलं होतं.

आता बायकोच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. त्या बुटक्या सीटमध्ये तिला बसता येईना, बसली तर उठता येईना. दोन वर्षांत ती गाडीत बसली नव्हती. डॉक्टरकडे जायचं तर रिक्षा. चष्मेवाल्यांना ते खात होतं. शेवटी मन घट्ट करून त्यांनी दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावली, 'गाडी विकणे आहे.' मिस्त्रींना कळलं तसे ते म्हणाले, "मलाच द्या साहेब. बाहेर कुणाला देऊ नका." तेवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण दर दोन दिवसांनी फोन. बाहेर नका देऊ, बाहेर नका देऊ. चष्मेवाल्यांच्या मनात पाल चुकचुकली. याला एवढी कसली घाई? पडत्या भावात लाटायचा विचार दिसतोय.

तर तो मार्चमधला तिसरा गुरुवार. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. एवढं नेमकं सांगतोय, कारण झेरॉक्सवाल्याच्या पावतीवर वेळ छापलेली होती. दुकान बंद करून चष्मेवाले गाडीच्या कागदांच्या प्रती काढायला गेले होते. त्या घेऊन घरी आले, तर फाटकाशी एक माणूस उभा. पस्तिशीचा असेल. सडपातळ, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली.

"गाडी विकायची आहे ना?"

"चिठ्ठी वाचलीत वाटतं?"

"बघायची होती," तो म्हणाला. चिठ्ठीचं काही बोलला नाही.

चष्मेवाल्यांनी घराशेजारच्या गाडीच्या खोलीचं शटर वर केलं. तो गाडीपाशी गेला आणि नुसता उभा राहिला. गिऱ्हाईक कसं करतं? टायरला लाथ मारून बघतं, बॉनेट उघडायला सांगतं, खोट काढतं. याने टपावरून हात फिरवला. हळूच. गोठ्यातल्या जनावराच्या पाठीवरून फिरवतात तसा.

"चालवून बघतो," तो म्हणाला.

चष्मेवाल्यांनी किल्ली दिली आणि ते बाजूच्या सीटवर बसले. किल्लीने ती गाडी चालू व्हायची नाही. सीटखाली एक चोरबटण होतं, ते आधी दाबावं लागायचं. ते फक्त दोघांना माहीत होतं, चष्मेवाल्यांना आणि मिस्त्रींना. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं...

त्याचा हात आधीच सीटखाली गेला होता. खट्. गाडी चालू झाली.

चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा मिस्त्रींचा माणूस! स्वतः भाव पाडायची लाज वाटली, म्हणून गिऱ्हाईक उभं केलंय. सतरा वर्षं ज्याला घरातला मानला, त्याने ही चाल खेळावी? कानशिलं तापली त्यांची. पण बोलले नाहीत. म्हटलं, चालू दे. मुद्देमालासकट पकडतो.

बायको खिडकीत आली. "कोण हो?"

"गिऱ्हाईक. आलोच चक्कर मारून."

"देऊन टाका एकदाची," ती म्हणाली. पण आवाज काही तसा नव्हता.

गाडी बाजारातून बाहेर पडली. माणूस चालवत मात्र सुरेख होता. दुसरा गिअर जरा अडायचा. नवख्या माणसाच्या हातात हमखास कुरकुरायचा. याच्या हातात लोण्यासारखा पडला.

"सराव दिसतोय," चष्मेवाले खोचकपणे म्हणाले.

"हात जातो," तो म्हणाला.

"आधी कुठे चालवली होती अशी गाडी?"

नाका मागे पडला. गाडी दगडखाणीच्या रस्त्याला वळली. चांगलं टिपूर चांदणं होतं. घरापासून चार किलोमीटरही आले नसतील. चष्मेवाल्यांनी म्हटलं, आता पुरे. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्याच्यादेखत मिस्त्रींना लावला.

"मिस्त्री, तुमचा माणूस आवडला बरं का मला. छान चालवतो."

"कुठला माणूस साहेब?"

"वेड पांघरू नका. गाडी बघायला पाठवलात तो. बसलाय माझ्या शेजारी."

"मी कुणालाच नाही पाठवलं."

"मग चोरबटण याला कुणी सांगितलं? तुम्ही बसवलेलं."

पलीकडे गॅरेजातला रेडिओ वाजत होता. मग तो बंद झाला.

"साहेब... ते बटण मी नाही बसवलं."

"मग?"

"गाडी माझ्याकडे आली तेव्हापासून होतं ते. पहिल्या मालकाने बसवलेलं. तुम्ही... आत्ता कुठे आहात?"

"खाणीच्या रस्त्याला."

"उतरा."

"काय?"

"आधी उतरा साहेब. वळणाच्या आत उत..."

फोन तुटला.

चष्मेवाल्यांनी फोन मांडीवर ठेवला. शेजारी बघवेना. न बघताही राहवेना.

"काय म्हणाले?" त्याने विचारलं. समोर बघतच.

"काही नाही... घरी बोलावतायत."

तेवढ्यात समोरून खाणीचा ट्रक आला. दिवे फुल्ल. गाडीत भसकन उजेड झाला. चष्मेवाल्यांची नजर सवयीने त्याच्या डोळ्यांकडे गेली. तीस वर्षं हेच काम. डोळ्यावर उजेड पडला की बाहुली आवळते. लहान मुलाची, म्हाताऱ्याची, कुणाचीही. झोपेतून उठवलेल्याचीसुद्धा.

याची आवळली नाही.

तशीच राहिली. मोठी. काळीभोर. एवढ्या उजेडात त्याने पापणीही मिटली नाही.

ट्रक गेला. पुन्हा अंधार. चष्मेवाल्यांचा हात दाराच्या कडीवर. कडी फिरवायचं बळ नाही. वळण आलं. डाव्या बाजूला खाणीचा खड्डा. कठड्याचे दगड. गाडीचा वेग कमी झाला... आणखी कमी... आणि वळणाच्या बरोबर मध्यावर ती थांबली.

इंजिन चालू.

"चांगली ठेवलीत," तो म्हणाला.

त्याने अॅक्सिलरेटर हलकाच दाबला.

"आवाज तोच आहे."

"विकताय?" त्याने विचारलं.

"हो... म्हणजे... अजून ठरलं नाही."

त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला. अगदी सावकाश. मान मात्र वळवली नाही.

"मी नव्हती विकली," तो म्हणाला.

दार उघडलं. तो उतरला. कठड्याकडे चालत गेला. रस्त्यावर खडी पसरलेली होती, पण पावलांचा आवाज नाही. चांदण्यात पांढरा शर्ट दिसत होता. दिसत होता... मग दिसेना.

चष्मेवाले किती वेळ तसेच बसून होते, त्यांचं त्यांनाच माहीत. मग सरकत सरकत त्या सीटवर गेले. सीट गार होती. माणूस उठून गेलेल्या जागेला ऊब असते की नाही? तिथे नव्हती. सीटचा पट्टा लावला आणि गाडी घराकडे पळवली. आरशात एकदाही बघितलं नाही.

फाटकात मिस्त्री उभे. घामाघूम. बायको त्यांच्या शेजारी काठी टेकून. चष्मेवाले उतरले तसे मिस्त्रींनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"ते परदेशी नव्हते गेले साहेब."

"कळलं मला."

"त्या वळणावर... अपघातात गेले ते. रात्रीचे जात होते. घरच्यांना गाडी डोळ्यांसमोर नको होती. भंगारात काढली. मी उचलली, सहा महिने खपून उभी केली. सांगितलं असतं तर घेतली असतीत?"

"म्हणून बाहेर देऊ नका म्हणत होतात?"

"दुसऱ्याच्या गळ्यात जायला नको म्हणून. तुम्हाला सतरा वर्षं काही झालं नाही. मला वाटलं, मिटलं."

चष्मेवाले पायरीवर बसले. भीती होतीच, पण तिच्या बरोबरीने दुसरंच काहीतरी आत कुरतडत होतं. गेला महिनाभर ते या माणसावर संशय घेत होते. संशय खरा निघाला होता. फक्त भलत्याच गोष्टीचा.

"सतरा वर्षं, मिस्त्री," एवढंच ते म्हणाले.

मिस्त्रींनी मान खाली घातली.

बायकोने विचारलं, "मग आता? विकायची?"

"विकायची तर घेणाऱ्याला सगळं सांगावं लागेल. न सांगता विकणारा एक झालाय. पुरे." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्यासाठी दुसरी उंच गाडी घेऊ. ही राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या काचेवरची चिठ्ठी गेली. मिस्त्रींशी बोलणं पुढे सुरू झालं, पण पहिल्यासारखं नाही. ती अढी काही भुताने घातली नव्हती, माणसांचीच होती.

पण चिठ्ठी काढण्याआधी, त्याच सकाळी एक झालं.

मिस्त्री उजाडताच आले होते. रात्रभर डोळा लागला नव्हता त्यांचा. दोघांनी मिळून शटर वर केलं. गाडी रात्री लावली तशीच उभी. चष्मेवाल्यांनी चालवायच्या बाजूचं दार उघडलं, आणि पट्टा बाहेर लोंबला.

मधोमध कापलेला.

ज्या पट्ट्याने स्वतःला बांधून ते रात्री घरी आले होते, तो. फाटलेला नाही, कापलेला. कात्रीने एका घावात कापावा तसा सरळ. पण काप ताजा नव्हता. कडा पिंजलेल्या, धुरकट. आणि आतल्या बाजूला जुना, वाळून काळा पडलेला डाग.

चष्मेवाल्यांनी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री मागे सरत सरत भिंतीला टेकले होते.

"गाडी आणली तेव्हा तो असाच होता, त्यांना बाहेर काढायला कापलेला," ते म्हणाले. "मी नवा बसवला साहेब. हा... हा तर मी माझ्या हाताने जाळला होता."