सूर्य खायला निघालेली शेळी

"अहो... अहो बाई! ते पोस्टर आज सकाळीच चिकटवलंय!"

नेव्यानाचा हात हवेतच थांबला. भिंतीवरून सोललेली ओल्या कागदाची लांब पट्टी तिच्या बोटांतून लोंबत होती. रात्रीच्या पावसानं त्या भिंतीवरचे पोस्टरांचे थर असे काही फुगले होते, की नुसतं नख लावायचा अवकाश – लाल सर्कस, तिच्याखाली द्राक्षांचा उत्सव, त्याखाली कुठल्या तरी निवडणुकीतला उमेदवार, सगळे एकमेकांचे हात धरून खाली येत होते.

ती वळली. समोर एक उंच तरुण उभा होता. एका हातात खळीची बादली, खांद्यावर लांब दांड्याचा ब्रश, आणि हनुवटीवर खळीचा पांढरा फराटा.

"माफ करा," ती म्हणाली. "मला वाटलं, जुनं आहे."

"जुनं? तारीख बघितलीत? पुढच्या महिन्याची आहे."

"तारीख... बहुतेक भिंतीवरच राहिली."

त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथे एका शेळीचे मागचे दोन पाय आणि शेपूट तेवढं उरलं होतं.

"आणि तुमच्या हातात आहे ते तोंड," तो म्हणाला. "माझं."

नेव्यानानं पट्टी उलटी केली. पिवळे डोळे, विस्कटलेली दाढी, एक कान वर आणि एक खाली. मग तिनं त्याच्याकडे पाहिलं.

"साम्य आहे," तिच्या तोंडून निसटलं.

त्यानं एकदा शेळीकडे पाहिलं. मग असा खदखदून हसला, की समोरच्या घराची पायरी धुणाऱ्या बाईनं मान वर करून पाहिलं.

"मी झाहारी. त्या पलीकडच्या बोळातल्या बाहुलीनाट्यगृहात असतो. ही शेळी सूर्य खायला डोंगर चढते; माझी पहिली मोठी भूमिका. आतापर्यंत झाडं केली, ढग केले, एकदा विहीर केली."

"विहीर?"

"फार खोल भूमिका होती."

नेव्यानानं ओठ घट्ट दाबले, पण हसू कडेनं बाहेर आलंच. "आणि पोस्टरंही तुम्हीच लावता?"

"आमच्याकडे माणसं कमी, कामं फार. जो उंच, त्याच्या हातात ब्रश. आता तुम्ही सांगा – या भिंतीवर एवढा राग कशाचा?"

"राग नाही हो. मी... कोलाज करते. वहीत. म्हणजे, शिकतेय." हे वाक्य तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. "मला फाटलेला कागद हवा होता."

"मग घ्या की. पण भरपाई म्हणून नवं पोस्टर लावायला मदत करा. मी चिकटवतो, वाकडं झालं तर सांगा."

"वाकडं आहे."

"कुठे?"

"डावीकडे कललंय."

त्यानं डोळे बारीक केले. "मला तर अगदी सरळ दिसतंय."

नेव्याना चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर तिचं काम अचूकपणाचं, आणि तो अचूकपणा तिच्याबरोबर वहीतही शिरला होता. रविवारी सकाळी रुम्यानामावशींच्या कोलाजच्या वर्गात ती बसायची. मावशी पूर्वी कपडे शिवायच्या. दुकान बंद झालं, पण कापड बेतायचं भलंमोठं टेबल उरलं, आणि त्याच्याभोवती आता कागद, चिंध्या, लेस, जुने नकाशे आणि चार-पाच बायका जमायच्या. बाकीच्यांच्या वह्या फुगून बंद व्हायच्या नाहीत. नेव्यानाची वही मात्र बाजारातून आत्ताच आणल्यासारखी. पट्टीनं आखलेल्या कडा, चिमट्यानं बरोबर मध्यावर बसवलेलं एक सुकं फूल, आणि बाकी सगळी स्वच्छ शांतता.

"ताट सुरेख मांडलंस गं," मावशी एकदा म्हणाल्या होत्या, "पण वाढलंस कुठे? ती कात्री ठेव बाजूला. रस्त्यावर जा. काहीतरी फाड."

म्हणून ती त्या भिंतीपाशी गेली होती.

पुढच्या रविवारी झाहारी वर्गाच्या दारात हजर. बगलेत दोरीनं बांधलेला पोस्टरांचा गठ्ठा, कुठल्या कुठल्या भिंतींवरून सोलून आणलेला.

"लोक फुलं देतात," नेव्याना म्हणाली.

"फुलं सुकतात. हा तर आधीच सुकलेला आहे."

मग हा प्रकार दर रविवारीच सुरू झाला. तो दिसला की टेबलाभोवतीच्या बायका एकमेकींना कोपर मारायच्या. "नेव्याना, तुझी शेळी आली गं!" तो गंभीरपणे एकदा बें करून आत यायचा आणि स्टूल ओढून तिच्या शेजारी बसायचा.

"आणि हे अहो-जाहो पुरे झालं," एकदा त्यानं जाहीर केलं. "जिनं माझं तोंड भिंतीवरून ओरबाडून काढलं, तिनं मला 'तुम्ही' म्हणावं?"

"बरं. मग तू कोपर हलव. लेसवर ठेवलंयस."

एका सकाळी त्यानं बानित्सा आणली, चीज भरलेली, गरम, पदर सुटलेली. दोघांनी एकाच पिशवीतून खाल्ली. रिकामी पिशवी चुरगळता चुरगळता नेव्याना थबकली. कागदावर तेलाचा एक मोठा गोल डाग पडला होता. तिनं तो खिडकीसमोर धरला... आणि उजेड त्यातून मधासारखा पाझरला.

तिनं वही पुढ्यात ओढली. डागाभोवती तिनं पिशवी बोटांनी फाडली, कडा वेड्यावाकड्या ठेवल्या. वहीच्या पानाला भोक पाडून मागून तो डाग चिकटवला, वर निळ्या पोस्टरांचे फाटके थर, खाली द्राक्षांच्या उत्सवातला हिरवा. पट्टी नाही, चिमटा नाही. हात आपोआप चालत होता. पान उजेडात धरलं तेव्हा डोंगरामागून सूर्य वर येत होता.

झाहारीनं स्टूल आणखी जवळ ओढलं.

"कुणाला दाखवशील?" त्यानं हळूच विचारलं.

"छे. ही वही माझ्यापुरती आहे."

पण आठवड्याभरात एक टक्कल पडलेले, लगबगे गृहस्थ चष्म्याच्या दुकानात शिरले आणि भरल्या दुकानात मोठ्यानं म्हणाले, "सूर्यवाली मुलगी कोण? तूच का?"

ते बाहुलीनाट्यगृहाचे दिग्दर्शक कामेनकाका. त्यांच्या हातातल्या फोनवर तिचं पान होतं. नाट्यगृहाचं छप्पर गळलं होतं, रंगवलेला पडदा भिजून सगळे डोंगर एकमेकांत वाहून गेले होते, प्रयोग तोंडावर आला होता. "झाहारीनं हे दाखवलं. म्हणालो, बस्स, हेच पाहिजे! हेच पडद्याएवढं मोठं करून दे, पोरी."

गिऱ्हाइकं माना उंचावून फोनमध्ये डोकावत होती. नेव्यानाची कानशिलं तापली. "मला जमणार नाही," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी दुकान बंद करताना झाहारी आला, चेहरा उजळलेला. "काका आले होते ना? मी म्हटलं होतं त्यांना..."

"मी 'नाही' म्हटलं होतं ना तुला?"

"अगं, पण ते पान इतकं सुंदर होतं..."

"सुंदर होतं म्हणून तुझं झालं?"

तिनं खाडकन शटर ओढलं.

"आयुष्यात पहिल्यांदा मी न घाबरता काहीतरी केलं होतं, झाहारी. कुणी बघणार नव्हतं म्हणून जमलं. आता वही उघडली की आधी मला दुकानातली ती सगळी डोकी दिसणार." तिनं कुलूप लावलं. "जा तू."

तो मागे वळला. आणि गेला. रविवारी वर्गाच्या दाराकडे बायकांनी आळीपाळीनं पाहिलं, पण कुणी बें केलं नाही. नेव्यानानं त्या दिवशी पुन्हा पट्टी काढली, एक चौकट आखली आणि तिच्याकडेच बघत बसली.

गुरुवारी दुकानात डोळे तपासायला पुढचं नाव पुकारलं, तर खुर्चीत तोच. मांडीवर हात ठेवून, शाळेत उशिरा पोचलेल्या मुलासारखा.

"तपासायला आलायस?" तिनं कोरडेपणानं विचारलं.

"हो."

"वरची ओळ वाच."

"मा..."

"तिथे 'मा' नाहीये."

"फ... क... र."

नेव्यानानं हातातली नोंदवही पोटाशी धरली. "खालची ओळ?"

"न विचारता परत असं करणार नाही. फोटो पुसलाय. काकांच्या फोनमधूनही पुसायला लावलाय."

"एवढं सगळं एका ओळीत?"

"बारीक अक्षर आहे."

ती वळली आणि भिंतीकडे तोंड करून उगाचच भिंगांचा डबा सारखा करू लागली, कारण चेहरा आता हाताबाहेर चालला होता. "बरं. आता खरं वाच."

मागून खुर्ची करकरली. मग... "खरं सांगू? वरच्या ओळीखाली मला काही दिसतच नाहीये."

"म्हणजे गावभर लावलेली तुझी ती पोस्टरं..."

"वाकडी आहेत?"

"सगळी!"

आणि तिला हसू आवरेना. हसतच तिनं तपासणीची जड चौकट त्याच्या नाकावर बसवली, एक भिंग काढलं, दुसरं घातलं. "आता?"

तो बघतच राहिला.

"वाच ना."

"वाचतोय. तुझ्या डाव्या भुवईत एक बारीकशी खूण आहे."

"ती तक्त्यावर नाही."

"लहानपणी पडलीस?"

"झोपाळ्यावरून. झाहारी – तक्ता!"

तो निघाला तेव्हा ती म्हणाली, "माफ केलं. पण डोंगर मी करणार नाही."

"ते मागायला मी आलोच नव्हतो. आम्ही निळी चादर लावतोय. शेळी चादरीवर चढेल. पोरं समजून घेतात."

आणि खरंच, आणखी एक शब्द न बोलता तो गेला.

त्यानं गळ घातली असती, तर तिला 'नाही' म्हणणं सोपं गेलं असतं. आता रविवारी ती वहीसमोर बसली, आणि डोळ्यांपुढे दुकानातली डोकी नव्हती, कामेनकाका नव्हते... एका चादरीवर धडपडत चढणारी एक बिचारी शेळी होती. तिला भूक लागलीय, सूर्य खायला निघालीय, आणि वर सूर्यच नाही.

"मावशी," तिनं विचारलं, "खूप मोठं पान कधी कुणी केलंय का?"

"किती मोठं?"

नेव्यानानं दोन्ही हात पसरले. ते पुरेनात.

रुम्यानामावशींनी टेबलावरची कात्री उचलून खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. "चला गं बायांनो," त्या म्हणाल्या.

नाट्यगृहाच्या दारात सगळ्यांना बघून झाहारीला नव्या चष्म्यावरही विश्वास बसेना. "मी आपणहून आलेय," नेव्यानानं बोट उगारून बजावलं. "कुणी सांगितलं म्हणून नाही."

पुढचे दिवस नुसता धुडगूस होता. निळ्या चादरीवर पोस्टरांचे थर चढले. सर्कशीच्या लाल तंबूचा उतार झाला, उमेदवाराच्या अर्ध्या हसण्याचा खडक झाला, भिंगांच्या चकचकीत वेष्टनांची नदी झाली. बेकरीत जाऊन नेव्यानानं रिकाम्या पिशव्या मागितल्या – "तेल लागलेल्याच द्या हं!" – तेव्हा बेकरीवाली तिच्याकडे काळजीनं बघत राहिली. त्या पिशव्या जोडून चादरीच्या मधोमध भला थोरला सूर्य बसला. मागे दिवा ठेवायचा, की झालं.

शेवटच्या दुपारी ती शिडीवर होती, तो खालून ओल्या पट्ट्या देत होता. दोघांचे हात कोपरापर्यंत खळीनं माखलेले. एक पट्टी तिनं धरली, पण त्यानं सोडली नाही.

"नेव्याना... प्रयोग झाला, की निमित्तं संपतील. पोस्टरं नाहीत, डोंगर नाहीत. चष्माही झाला." त्यानं चष्मा मनगटानं वर ढकलला आणि काचेवर खळीचा ठिपका उमटला. "मग मी यायचं कशासाठी? म्हणजे... निमित्ताशिवाय आलो, तर चालेल?"

तिनं पट्टी आपल्याकडे ओढली, त्यानं ती अजूनही सोडली नाही. तेवढ्यात कामेनकाका ओरडले, "अरे, खळी वाळतेय!"

"सांगते," ती पुटपुटली.

"कधी?"

"सांगते म्हटलं ना!"

प्रयोगाच्या सकाळी छोटंसं सभागृह पोरांनी, आज्यांनी, टॉफ्यांच्या कागदांच्या कुरकुरीनं भरून गेलं. नेव्याना पडद्याआड ओणवी बसली होती. समोरच लाकडी आडोशाखाली झाहारी गुडघ्यांवर टेकून, दोन्ही हात डोक्यावर ताणून – एका हातात शेळीचं तोंड, दुसऱ्या हातात पाय. पलीकडे घुबडीण घेऊन एक सहकारी बाई आपल्या वाक्याची वाट बघत होती. मागचा दिवा लागला. सूर्य मधासारखा पेटला, आणि सगळ्या सभागृहातून एकच लांब 'आऽऽ' उठला.

इतके डोळे तिच्या पानावर लागले होते. नेव्यानानं भीतीची वाट पाहिली. ती आलीच नाही. आला तो असा काही उत्साह, की ती गुडघ्यांवर सरकत सरकत थेट आडोशाखाली गेली.

झाहारीनं डोळे वळवले. बाकी त्याला काहीच वळवता येत नव्हतं.

"निमित्ताशिवाय ये," ती त्याच्या कानात म्हणाली. "रोज ये." आणि चष्म्याच्या काडीच्या जरा खाली, गालावर, तिनं ओठ टेकवले.

वर शेळी डोंगराच्या मध्यावर ताठ उभी राहिली. मग थरथरली. मग स्वतःभोवती एक गिरकी घेतली, जी नाटकात कुठेच नव्हती. पोरांनी टाळ्या पिटल्या. विंगेत कामेनकाकांनी कपाळाला हात लावला.

आणि शेळी, नेव्यानाकडेच डोळे लावलेल्या झाहारीच्या आवाजात, खणखणीत ओरडली, "काय म्हणालीस? पुन्हा एकदा सांग!"

वाक्य नाटकातलंच होतं, घुबडिणीच्या बोलण्यावरचं. पण घुबडिणीनं अजून चोचही उघडली नव्हती.

"घुबडीण काही बोललीच नाही!" सगळी पोरं एका सुरात किंचाळली.

नेव्याना हसत हसत त्याच्या कानाशी झुकली, आणि पुन्हा एकदा सांगितलं.