मागची उजवी सीट

"एवढा उंट घेतलायस, तर चढायला एखादं स्टूल तरी मागून घ्यायचं होतंस यांच्याकडून," ताई पुटपुटल्या. पुटपुटल्या म्हणजे गाड्यांच्या दालनातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्याच हळू.

"ताई, उंच आहे म्हणूनच घेतलीय," ती म्हणाली. "त्यांना वाकावं लागणार नाही."

ताई तिची नणंद, नवऱ्याहून आठ वर्षांनी मोठी, आणि सध्या मुक्कामाला. नवरा म्हणजे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे. आणि तिला सगळा बाजार काटेबाई म्हणायचा, कारण ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होती. बावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत, खोट्या काट्यांना सील ठोकत हिंडली होती. दुकानदार तिला पाहिलं की आधी तराजूची धूळ पुसत आणि मग नमस्कार करत.

गेल्या वर्षी मास्तरांच्या मणक्यात दुखणं निघालं. ते नुसतं मणक्याचं नाही, हेही लवकरच कळलं. उपचार शहाण्णव किलोमीटरवरच्या मोठ्या रुग्णालयात, दर दहा दिवसांनी एक, असे बारा. चार झाले होते. जुनी गाडी खेळण्याएवढी आणि रस्ता नुसता खड्ड्यांचा. चौथ्या खेपेला मास्तरांनी ओठ इतके चावले की रुमाल लाल झाला. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपले आणि म्हणाले, "आता नाही गं. औषधाचं काही नाही. तो रस्ता नको."

रस्ता बदलणं तिच्या हातात नव्हतं. तिने गाडी बदलायची ठरवली.

नवी परवडणारी नव्हती. पण वापरलेल्या, नीट तपासून प्रमाणपत्रासकट विकायच्या मोठ्या गाड्यांचं एक दालन होतं. तिथे ही उभी होती. गडद राखाडी, रुंद, आत चामड्याच्या सीटा, आणि खड्ड्यावरून गेली तर पोटातलं पाणी हलू नये अशी चाल. भाव तिने आणखी तीन ठिकाणी विचारून पाहिला. रास्त होता. पैशाने कमी नाही, पैशाने जास्त नाही. रास्त म्हटलं की तिचा जीव विरघळायचा. जन्मभर दुसरं काय शोधलं होतं तिने?

तरी सवय जाते कुठे. निळ्या कोटातल्या तपासनिसाकडून तिने तपासणीचा कागद मागून घेतला. एकशे बहात्तर मुद्दे. ती एकेक ओळ बोटाने वाचत गेली.

"सीटवर माणूस आहे की नाही हे गाडीला कळतं, ते कसं तपासता?"

"पाण्याचा वीस लिटरचा कॅन ठेवतो, बाई. पाच-पाच माणसं कुठून आणायची?"

"मागच्या उजव्या सीटपुढे दोन खुणा आहेत. दोन वेगळ्या शाया."

"दोनदा तपासली."

"का?"

तपासनिसाने टोपण पेनाला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "दुसऱ्यांदा बरोबर आली," तो म्हणाला.

एरवी अशा उत्तरावर तिने त्याचं दुकान डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मात्र तिने मास्तरांकडे पाहिलं. ते गाडीच्या दाराला टेकून उभे होते आणि सीटच्या चामड्यावरून, कॅनव्हासवरून फिरवावा तसा हात फिरवत होते. तिने सही केली.

पाचव्या खेपेला तिघं नव्या गाडीतून निघाली. ती चालवायला. ताई तिच्या शेजारी, कारण मागे बसलं की त्यांना मळमळे. मास्तर मागे डावीकडे, पाठ कलती करून. पुढच्या पडद्यावर गाडीचं वरून पाहिल्यासारखं चित्र उमटायचं, त्यात पाच खुर्च्या. जिच्यावर माणूस ती उजळायची. पट्टा लावला नसेल तर ती लाल व्हायची आणि टिंग टिंग सुरू.

फाटकाबाहेर पडल्या पडल्या टिंग टिंग सुरू झालं. मागची उजवी खुर्ची लाल.

"तिथे पिशवी आहे का हो?"

"काही नाही," मास्तर म्हणाले.

तिने गाडी थांबवली, उतरून पाहिलं. सीट रिकामी. हात फिरवला. कोरडी, स्वच्छ, किंचित कोमट. ऊन लागलं असेल. रिकाम्या सीटवरून तिने पट्टा ओढून खाचेत अडकवला. आवाज बंद झाला.

"चला, चौथा भिडू मिळाला," ताई म्हणाल्या. "पेट्रोलचे पैसे माग त्याच्याकडे."

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. आणि त्या शहाण्णव किलोमीटरांत ते एकदाही कण्हले नाहीत. मोठ्या खड्ड्यावर तिनेच दात आवळले, आरशात पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघत निवांत बसलेले.

"लागलं नाही ना?"

"अजिबात नाही गं. काही कळतच नाही."

डॉक्टरांनी नेहमीसारखे कागद वरखाली केले आणि "बघू" म्हणाले. त्यांचा तो आवडता शब्द होता. ताईंचा शब्द "तेज." चेहऱ्यावर तेज आलंय, म्हणायच्या. आणि तिचा स्वतःचा म्हणजे उरलेल्या खेपांचा आकडा. आता सातच राहिल्या. घरात या तीन शब्दांवर सगळं चाललं होतं. चौथा शब्द कुणी काढत नव्हतं.

सहाव्या खेपेला तिने निघायच्या आधीच रिकाम्या सीटचा पट्टा लावून टाकला. वाद नको. रुग्णालयाच्या आवारात, खाली पायाशी ठेवलेली औषधांची पिशवी काढायला तिने मागचं उजवं दार उघडलं आणि थांबली. रिकाम्या सीटवरचा पट्टा पाठीला चिकटून बसायला हवा. तो वीतभर पुढे होता. ताठ. कोणी पोटावरून घेतल्यासारखा.

तिने तो बोटाने दाबला. दबला, आणि पुन्हा पुढे आला.

पट्ट्याखालून हात घालून बघायला हवं होतं. तपासणीत अर्धं सोडायचं नसतं, हे नव्या निरीक्षकांना तीच शिकवायची. पण हात पुढे गेला नाही. पिशवी घेऊन तिने दार लावलं, हळू, झोपलेल्या माणसाजवळचं लावतात तसं. मग स्वतःचाच राग येऊन ते उघडून धाडकन लावलं.

परतताना मास्तरांना डुलकी लागली. त्यांची मान डावीकडे, खिडकीकडे कलायला हवी होती. उशी तिकडेच होती. ती उजवीकडे कलली आणि मध्येच, हवेत, टेकल्यासारखी थांबली.

"ताई, मागे बघता का जरा?"

ताईंनी मागे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पुढे वळून पदर सारखा केला. "झोपलाय शांत," म्हणाल्या. "तेज आलंय." त्यानंतर घर येईपर्यंत ताई एक शब्द बोलल्या नाहीत. ताई इतका वेळ गप्प राहिल्याची घरात नोंद नव्हती.

सातव्या खेपेला, परतीच्या वाटेवर, पडद्यावरची एक खुर्ची विझली. मागची डावी.

"अहो, आहात ना?" ती म्हणाली आणि स्वतःच दचकली. विचारायचं होतं, पट्टा लावलात ना.

"आहे की," मास्तर म्हणाले.

तिने गाडी कडेला घेतली. मास्तर बसलेले होते, पट्टा लावलेला होता. तिने तो सोडला. गाडीने हूं की चूं केलं नाही. गाडीच्या हिशेबी तिथे कोणी नव्हतं. पलीकडची उजवी मात्र ठळक उजळलेली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडी घेऊन दालनात गेली. डिकीत तिची खात्याची वजनं होती. बिडाची, शिक्का मारलेली, जगात कोणी खोटं बोललं तरी ती बोलणार नाहीत अशी.

"माणूस हलका असेल, बाई," तपासनीस म्हणाला. "आजारपणात होतं तसं. गाडीला वाटतं, सामान आहे."

"सत्तेचाळीस किलो," ती म्हणाली. दर रविवारी मास्तरांना घरच्या काट्यावर उभं करून ती आकडा मनात लिहायची. त्यांना सांगायची नाही. "किती किलोला कळतं हिला?"

तिने डाव्या सीटवर पाच किलो ठेवलं. काही नाही. दहा ठेवलं. खुर्ची उजळली. काढलं, विझली. पुन्हा ठेवलं, उजळली. अकरा वेळा. एकदाही चूक नाही.

तपासनीस स्वतः जाऊन बसला. उजळली. तो जरा घाईनेच उतरला.

"आधी कोणाची होती ही?"

"एकच मालक. जपून वापरलेली." तो कोटाचं बटण चाचपत राहिला. "विकायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या. एकट्याच. आम्ही जास्त देत होतो, तर नको म्हणाल्या. जेवढी रास्त किंमत तेवढीच द्या." मग तो आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही.

गाडी परत करता आली असती. तिने रात्रभर तोच विचार केला. पण मग रस्ता होता, चावलेले ओठ होते आणि पाच खेपा उरल्या होत्या. या गाडीत त्यांना दुखत नव्हतं. गाडी सोडायची म्हणजे उपचार सोडायचा, आणि उपचार सोडायचा म्हणजे काय, ते वाक्य ती मनातसुद्धा पुरं करत नव्हती.

भाराबद्दल शंका आली तर आधी काटा तपासावा. काटा बरोबर असेल तर भार मान्य करावा. तिला एवढंच येत होतं.

म्हणून आठव्या खेपेला, सकाळी नऊ वाजता, तिने गाडी गावाबाहेरच्या मोठ्या वजनकाट्यावर घेतली. मालट्रक उभे करून तोलतात तो, जमिनीत बसवलेला लोखंडी फलाट. आकडा पाच-पाच किलोंनी बदलणारा. अकरा दिवसांपूर्वी तिनेच तो तपासून शिक्का मारला होता.

"आता हे काय खूळ?" ताई म्हणाल्या.

"दहा मिनिटं, ताई."

गाडीचं कागदावरचं वजन, टाकीतलं पेट्रोल, पिशव्या, सगळं तिने चिठ्ठीवर मांडून आणलं होतं. बावीसशे चाळीस. तिघं उतरून फलाटाबाहेर उभी राहिली. दारं लावलेली. खोलीतल्या कारकुनाने कर्ण्यातून आकडा सांगितला.

"तेवीसशे दहा, बाई."

तिने चिठ्ठी पुन्हा वाचली. शून्य पाहायला लावलं. शून्य बरोबर होतं.

"ताई, तुम्ही बसा जरा."

"आकडा मोठ्याने सांगायचा नाही त्याला सांग."

"तेवीसशे पंच्याण्णव!" कर्णा ओरडला.

"मेला," ताई म्हणाल्या आणि उतरल्या. पुन्हा तेवीसशे दहा.

"आता तुम्ही," ती मास्तरांना म्हणाली.

मास्तर सावकाश चालत गेले, डावीकडचं दार उघडून आत बसले. दार लावलं. काचेतून तिच्याकडे पाहत राहिले.

"बसू दे की त्यांना," कर्णा म्हणाला.

"बसलेत."

कर्णा थोडा वेळ नुसता खरखरला.

"तेवीसशे दहाच आहे, बाई."

मास्तर उतरले. तेवीसशे दहा.

पुन्हा बसले. तेवीसशे दहा.

तिसऱ्यांदा तिने नको म्हणून हात केला. मास्तर उतरून तिच्याजवळ आले. ताईंनी पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. वारा नव्हता. फलाटावर गाडी एकटी उभी होती आणि चिठ्ठीपेक्षा सत्तर किलो जास्त भरत होती.

सत्तर. दुखणं निघायच्या आधीच्या शेवटच्या रविवारी मास्तर बरोबर एवढेच भरले होते. तेव्हा तो आकडा ती त्यांना मोठ्याने सांगायची, वर "भात कमी करा" म्हणायची.

"किती भरलं?" मास्तरांनी विचारलं.

ती चिठ्ठीकडे पाहत राहिली.

"रविवारचा आकडा तू सांगत नाहीस. हा तरी सांग."

"तेज आलंय रे तुझ्या—" ताईंनी सुरुवात केली आणि त्यांच्याच्याने पुरं झालं नाही.

तिने चिठ्ठीची घडी घातली. आणखी एक घातली. घालायला कागद उरला नाही.

"तुम्ही बरे होणार नाही आहात," ती म्हणाली.

कोणी रडलं नाही. मास्तरांनी खोल श्वास घेतला, खूप दिवस घ्यायचा राहिल्यासारखा.

"मग घरी जाऊ या," ते म्हणाले.

कर्णा खरखरला.

"हां, आता बरोबर आलं बघा. बावीसशे चाळीस. आता उतरलं कोणीतरी."

गाडीची चारही दारं बंद होती.

तिच्या उजव्या खांद्यावर मागून हात पडला. जड, कोमट, ओळखीचा. मास्तर तिच्या समोर उभे होते. त्यांचे दोन्ही हात अजून ताईंच्या हातात होते.